रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर न्यायची आहे? सीटबेल्ट, एअरबॅग, हार्नेस आणि रोल केजचं गणित आधी समजून घ्या

गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात 'रेसिंग हार्नेस' असं टाकून बघा. लाल, निळे, काळे चार पट्ट्यांचे बेल्ट दोन-तीन हजार रुपयांपासून दिसायला लागतील. सोबत बकेट सीट, छोटं रेसिंग स्टिअरिंग आणि डिकीत बसवायचा 'रोल बार' असतोच. फोटो जबरदस्त असतात. साहजिकच वाटतं की रेसवाले हे वापरतात, म्हणजे कंपनीच्या साध्या सीटबेल्टपेक्षा हे जास्त सुरक्षित असणार.

इथेच सगळा घोळ आहे. या वस्तू सुरक्षित आहेत, पण एकत्र असतील तरच. त्यातली एकच उचलून रस्त्यावरच्या गाडीत बसवली, तर गाडी बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त धोकादायक होते. हे असं का होतं, ते आज सोप्या भाषेत समजून घेऊ. शेवटी नेमकं काय करायचं आणि काय नाही, तेही सांगतो.

नगरचा ट्रॅक आणि रेसचा ट्रॅक

मी नगरचा. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं. इथे 'ट्रॅक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाहननगर येतं. तिथे डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे. तिच्याच आवारात एनसीएटी, म्हणजे वाहन चाचणीचं राष्ट्रीय केंद्र चालतं. गाडी विक्रीला येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. व्हीआरडीई ही त्या यादीतली एक संस्था. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅटही त्याच यादीत आहेत.

हा चाचणीचा ट्रॅक आहे, रेसचा नाही. संरक्षण खात्याची जागा असल्यामुळे तुम्ही-आम्ही तिथे गाडी पळवायला जाऊ शकत नाही. तरीही आजच्या विषयाचं मूळ तिथेच आहे. कारण या संस्था जे प्रमाणपत्र देतात, ते गाडीच्या संपूर्ण रचनेला मिळतं. तोच सीट, तोच बेल्ट, तीच एअरबॅग, तेच स्टिअरिंग आणि तीच बॉडी. यातला एक भाग बदलला की जी गाडी तपासली गेली होती, ती ही गाडी राहत नाही.

हौशी लोकांसाठी खरे ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरचं करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, पण त्या सरळ रेषेत पळायच्या. वळणांचा ट्रॅक हवा असेल तर नगरहून चेन्नई किंवा कोइंबतूर एका बाजूने हजार किलोमीटरपेक्षा जास्त पडतं. आपल्यातले बहुतेक जण तीच गाडी चालवत तिथे जातात, तिच्यावरच ट्रॅकवर फेऱ्या मारतात आणि तिच्यातच परत येतात. म्हणजे एकाच गाडीला दोन्ही कामं करायची आहेत. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

कंपनीची गाडी तुम्हाला कशी वाचवते?

समोरून धडक झाली की सगळा खेळ साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. तेवढ्यात काय काय घडतं बघा.

पहिल्या १५-२० मिलिसेकंदांत सेन्सर ठरवतो की हा खड्डा नाही, अपघात आहे. लगेच बेल्टचा प्रीटेन्शनर, म्हणजे छोटीशी स्फोटक यंत्रणा, पट्टा मागे खेचून सैलपणा काढते. पुढच्या सुमारे ३० मिलिसेकंदांत एअरबॅग भरते. दरम्यान तुमचं शरीर पुढे चाललेलं असतं. आता बेल्ट तुम्हाला जागच्या जागी करकचून धरत नाही. बऱ्याच गाड्यांत लोड लिमिटर असतो. ठरावीक ताण आला की तो पट्टा थोडा सोडतो. छाती नियंत्रित वेगाने पुढे जाते आणि डोकं भरलेल्या एअरबॅगवर टेकतं. छाती, मान आणि डोकं तिन्ही जवळपास एकत्र थांबतात.

म्हणजे बेल्टने थोडं पुढे जाऊ देणं हा दोष नाही, ती रचना आहे. बेल्ट, एअरबॅग, सीटचा कोन आणि स्टिअरिंगचं अंतर हे एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. आपल्याकडे नियमाच्या समोरच्या धडक चाचणीचा वेग ताशी ५६ किलोमीटर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तो ६४ किलोमीटर आहे. दोन्ही चाचण्या कंपनीच्या मूळ बेल्ट-एअरबॅगच्या जोडीवरच होतात. तुम्ही नंतर बसवलेल्या पट्ट्याची परीक्षा कुणी घेतलेली नसते.

रेसची गाडी वेगळं काय करते?

रेसच्या गाडीत विचारच उलटा असतो. तिथे ड्रायव्हरला पुढे जाऊच द्यायचं नाही. सहा पट्ट्यांचा हार्नेस त्याला घट्ट सीटमध्ये बांधतो. सीट एका अखंड कवचासारखी असते आणि भोवती पोलादी पिंजरा, म्हणजे रोल केज, असतो. डोक्यावर हेल्मेट असतं आणि हेल्मेट पट्ट्यांनी हॅन्स नावाच्या कॉलरला जोडलेलं असतं. एअरबॅग बहुधा काढलेली असते, कारण तिची गरजच उरलेली नसते.

याच तर्काचं दुसरं टोक आपल्या कोल्हापुरात बघायला मिळतं. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीमुळे गो-कार्टिंग महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत झालं. स्पर्धेच्या गो-कार्टमध्ये सीटबेल्ट नसतोच. अनेकांना तो निष्काळजीपणा वाटतो. पण कार्टला टप नाही, पिंजरा नाही. ती उलटली आणि तुम्ही बांधलेले असाल, तर तिचा भार थेट तुमच्या डोक्या-मानेवर येईल. त्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं बरं, असा तो हिशोब आहे.

म्हणजे नियम असा: घट्ट बांधायचं असेल तर डोक्यावर भक्कम पिंजरा पाहिजे. पिंजरा नसेल तर घट्ट बांधायचं नाही. धोका असतो तो या दोन टोकांच्या मधे.

अर्धवट बदल: नेमकं काय बिघडतं?

माझ्या भाच्याने जुनी स्विफ्ट घेतली आणि मला पहिला प्रश्न टाकला, "मामा, चार पॉइंटचा हार्नेस लावू का?" त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

*१. चार पट्ट्यांचा हार्नेस, पायांमधला पट्टा नाही*

खांद्याचे दोन पट्टे कमरेच्या पट्ट्याला बकलवर जोडलेले असतात. धडकेत छाती पुढे गेली की खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि कमरेचा पट्टा वर ओढतात. तो कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर येतो आणि शरीर खालून पुढे घसरतं. मग सगळा भार आतडी, यकृत, प्लीहा या मऊ अवयवांवर येतो. पाच किंवा सहा पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये पायांमधून येणारा पट्टा बकल खाली धरून ठेवतो. त्याचं कामच ते आहे. कंपनीच्या सीटच्या गादीत त्या पट्ट्यासाठी भोक नसतं, म्हणून बाजारात चार पट्ट्यांचे हार्नेस जास्त खपतात. ही सोय आहे, सुरक्षितता नाही.

*२. हार्नेस आहे, रोल बार नाही*

गाडी उलटली आणि टप खाली दबला, तर साध्या बेल्टमध्ये वरचं शरीर बाजूला झुकू शकतं. हार्नेसमध्ये तुम्ही खांबासारखे ताठ बसलेले असता. झुकायला वाव नाही. टपाचा पत्रा डोक्यावर आला की भार सरळ मानेच्या मणक्यांवर.

*३. हार्नेस आहे, हॅन्स नाही*

खांदे जागच्या जागी थांबले, पण डोकं थांबलेलं नाही. डोकं साडेचार-पाच किलोचं, हेल्मेट दीड किलोचं. ४० जीच्या धक्क्यात या साडेसहा किलोंचं ओझं क्षणभर अडीचशे किलोंपेक्षा जास्त होतं, आणि ते सगळं मानेवर. यातून कवटीच्या तळाला होणारं फ्रॅक्चर बहुतेक वेळा जीवघेणं ठरतं. १९९४ साली इमोलात फॉर्म्युला वनचा रोलँड रॅट्झेनबर्गर असाच गेला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनात नॅसकारचा डेल अर्नहार्टही. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी हॅन्स १९८० च्या दशकातच बनवलं होतं, पण ड्रायव्हरना ते अडचणीचं वाटायचं. अर्नहार्टनंतर काही महिन्यांतच नॅसकारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने २००३ पासून हॅन्स सक्तीचं केलं. साध्या तीन पॉइंटच्या बेल्टमध्ये छातीही डोक्याबरोबर पुढे जाते, म्हणून मानेवरचा ताण तुलनेने कमी राहतो.

*४. रोल केज आहे, आणि गाडी रोज रस्त्यावर*

केजचा पाइप डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो. ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं. भाजी आणायला जाताना नसतं. बाजूने साधी धडक बसली तरी उघडं डोकं पोलादी पाइपवर आपटतं. जिथे पडदा एअरबॅग उघडायची, तिथेच पाइप आडवा आलेला असू शकतो. पाइपवर फोमचं वेष्टण असलं तरी ते हेल्मेटचं काम करत नाही.

*५. रेसिंग स्टिअरिंग आणि बकेट सीट*

कंपनीचं स्टिअरिंग काढलं म्हणजे ड्रायव्हरची एअरबॅग गेली. १ जुलै २०१९ पासून जी गोष्ट नव्या गाड्यांत सक्तीची आहे, ती आपण पैसे खर्चून काढतोय. काही गाड्यांच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते, बकलमध्ये सेन्सर असतो. सीट काढली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. मग वायरिंगवाला रेझिस्टर टाकून तो दिवा 'घालवतो'. दिवा गेला, पण उद्या त्या सर्किटमध्ये खरा बिघाड झाला तर तोही कळणार नाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार: हार्नेस लावला की मूळ बेल्टचा बझर वाजत राहतो, म्हणून बकलमध्ये खोटी क्लिप अडकवतात. काही गाड्यांत बेल्ट लावला आहे की नाही हे पाहून कॉम्प्युटर एअरबॅग कधी उघडायची ते ठरवतो. त्याला तुम्ही खोटी माहिती दिलेली असते. अशा क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्या काढून टाकायचे आदेश दिले होते.

बोल्ट कुठे बसवलाय, ते बघा

हार्नेस महागाचा असो की स्वस्तातला, तो शेवटी कशाला तरी बांधलेला असतो. सोपं गणित करू. ७० किलोचा माणूस, वेग ताशी ५० किलोमीटर, आणि अर्ध्या मीटरमध्ये पूर्ण थांबला. त्याच्यावर सुमारे २० जीचा धक्का बसतो आणि पट्ट्यांना साधारण १४०० किलो वजनाइतकी ओढ सोसावी लागते. हे फक्त ५० च्या वेगाला.

गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्याला ड्रिलने भोक पाडून बोल्ट आणि साधा वॉशर लावला, तर बोल्ट पत्रा फाडून वर येईल. म्हणून एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, सांगते की नव्या अँकरमागे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी हवी. खांद्याचे पट्टे सीटमागे जास्तीत जास्त ४५ अंश खाली उतरावेत, आणि शक्यतो १० अंशांपेक्षा जास्त नको. मी पाहिलेल्या एका हौशी गाडीत ते मागच्या सीटच्या बेल्टच्या खालच्या बोल्टला बांधले होते, जवळजवळ उभे. अशा पट्ट्याने धडकेत खांदे खाली दाबले जातात आणि पाठीचा कणा चेंगरतो.

रोल केजचंही तसंच. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला जोड नसलेला, थंड ओढाईचा कार्बन स्टीलचा पाइप लागतो, ४५ मिलिमीटर व्यासाचा २.५ जाडीचा किंवा ५० चा २ जाडीचा. पायाखालची पट्टी १२० चौरस सेंटिमीटरची. आपल्याकडे गेट-ग्रिल करणारे वेल्डर हाताने उत्तम काम करतात, पण त्यांच्याकडचा पाइप बहुधा पट्टी वळवून शिवण मारलेला असतो. धक्क्यात तो शिवणीवर उकलू शकतो. दिसायला दोन्ही पिंजरे सारखेच.

आणखी एक गोष्ट: एफआयए मान्यतेच्या हार्नेसवर मुदत छापलेली असते, साधारण पाच वर्षांची. उन्हाने आणि घामाने धागा कमजोर होतो. म्हणून 'सेकंडहँड पण ब्रँडेड' हार्नेस घेताना आधी लेबल वाचा.

खरी सुरुवात ब्रेकपासून

बेल्टवर इतकं बोललो, पण ट्रॅकवर रस्त्याच्या गाडीचं सर्वात आधी काय हात टेकतं, तर ब्रेक.

ड्रायव्हरसकट ११०० किलोची गाडी १५० वरून ६० वर आणायची, तर ब्रेकना सुमारे ८ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण २.४ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येतं. आणि हे तीन-चार सेकंदांत, प्रत्येक फेरीत अनेकदा. माळशेज घाट उतरतानाही ब्रेकवर एवढा मारा होत नाही, कारण तिथे आपण खालच्या गिअरवर असतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. मानकाप्रमाणे किमान आकडे असे:

- डॉट ३: ताजं २०५ अंश, ओल शोषलेलं १४० अंश
- डॉट ४: ताजं २३० अंश, ओल शोषलेलं १५५ अंश
- डॉट ५.१: ताजं २६० अंश, ओल शोषलेलं १८० अंश

ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ट्रॅकसाठीचा पहिला, सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी बदल म्हणजे ताजं ब्रेक ऑइल. फक्त 'डॉट ५' आणि 'डॉट ५.१' यांत गल्लत करू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही. कंपनीने गाडीला काय सांगितलंय ते टाकीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

ब्रेक पॅडचंही लक्षात घ्या. पूर्ण रेसिंग पॅड गरम झाल्यावरच पकडतात. सकाळी थंड गाडी काढली आणि चौकात कुणी आडवं आलं, तर तेच पॅड कमी पकडतील. दोन्हीकडे चालणारे मधले पॅड मिळतात, ते घ्या.

एबीएस आणि ईएससी काढायचा विचारही करू नका. चाकांचा व्यास बदलला किंवा फक्त पुढचेच ब्रेक मोठे केले, तर ज्या आकड्यांवर ही यंत्रणा बसवलेली आहे तेच बदलतात आणि चाकं अवेळी सटकू शकतात. शिकणाऱ्याने ट्रॅकवरही ईएससी चालूच ठेवावं.

कायदा आणि विमा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

विम्याचं तर अनेकांना माहीतच नसतं. तुमच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी असे वापर त्यात वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपला, हे धरूनच जा.

मग करायचं काय?

माझं मत असं की दोनच मार्ग आहेत आणि मधला मार्ग नाही.

पहिला मार्ग: गाडी रस्त्याचीच ठेवा. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकासाठी हाच.

- मूळ सीट, मूळ बेल्ट, मूळ स्टिअरिंग, एअरबॅग, एबीएस, ईएससी यांना हात लावायचा नाही.
- ताजं ब्रेक ऑइल, मधले ब्रेक पॅड, चांगले टायर. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा.
- सीट सरळ ठेवा आणि छातीपासून स्टिअरिंग किमान २५ सेंटिमीटर लांब असू द्या. कमरेचा पट्टा हाडावर, घट्ट.
- हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. कारसाठीच्या 'एसए' मानकाच्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं, मोटारसायकलच्या हेल्मेटला ती अट नसते. आयोजक कोणतं मान्य करतात ते आधी विचारा.
- जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचे मॅट, सगळं बाहेर काढा. अग्निशामक ठेवणार असाल तर बोल्टने पक्का. सुटा सिलिंडर धडकेत तोफगोळा होतो.
- प्रत्येक सत्राची शेवटची फेरी हळू मारून ब्रेक थंड होऊ द्या. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.
- हार्नेसला जे पैसे घालणार होता ते प्रशिक्षकासोबतच्या फेऱ्यांना घाला.

दुसरा मार्ग: गाडी पूर्ण रेसची करा. मान्यताप्राप्त सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, हॅन्स, नियमाप्रमाणे बांधलेला केज, मेन स्विच, अग्निशामक. सगळं एकाच वेळी, मोटरस्पोर्टच्या गाड्या बांधणाऱ्या माणसाकडून. मग ती गाडी ट्रॅकवर ट्रेलरवरून न्यायची. पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा रस्त्यावर चालवायची नाही.

'मग थोडं-थोडं करत गेलो तर?' हा प्रश्न येतोच. सस्पेन्शन, टायर, ब्रेक पॅड टप्प्याटप्प्याने करता येतात. पण माणसाला धरून ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलता येत नाही, कारण प्रत्येक मधल्या टप्प्यात जुनं संरक्षण गेलेलं असतं आणि नवं पूर्ण आलेलं नसतं.

आणि त्या मधल्या टप्प्यात तुम्ही नेमके कुठे असता? ट्रॅकवर वर्षातले दोन दिवस. बाकी सगळे दिवस नगर-मनमाड रस्त्यावर, सुप्याच्या पुढे, श्रीरामपूर-राहुरीच्या बाजूला. गाळप हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागे दिवा नसताना अचानक हेडलाइटमध्ये उभा राहतो. तिथे रनऑफ नाही, टायरची भिंत नाही, झेंडा दाखवणारा मार्शल नाही. त्या क्षणी उपयोगी पडतो तो कंपनीचा साधा, काळा, तीन पॉइंटचा बेल्ट आणि स्टिअरिंगमध्ये घडी घालून ठेवलेली एअरबॅग.

भाच्याने हार्नेस घेतला नाही. ब्रेक ऑइल बदललं आणि ट्रॅक डेची फी भरली. तुमच्या गाडीत आधीच चार पट्ट्यांचा हार्नेस बसवलेला असेल, तर मूळ बेल्ट जागेवर आहे का, बकलमध्ये क्लिप अडकवलेली नाही ना आणि एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो का, एवढं आजच बघा. दिवा लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा.